हो गं

हंबीरराव 'हो गं' म्हणायचे तेव्हा त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा वर्तमानपत्राच्या कडेवरून अर्धा इंच वर सरकायचा. जास्त नाही, कमी नाही. एक बातमी संपवून ते पुढच्या बातमीवर गेले, एवढाच त्याचा अर्थ. नंदिनीने विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नसे. ज्या गोष्टीला त्यांचा खरोखरचा होकार असे तिला ते 'व्हय' म्हणत, आणि तेव्हा अंगठा जागचा हलत नसे. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. या निरीक्षणाला नंदिनीला अजून एकही अपवाद सापडला नव्हता.

'हो गं' हे मूळचं त्यांचं नव्हेच. धारवाडहून आलेल्या, बी.एस्सी. झालेल्या कानडी बायकोशी आपल्या गडमुडशिंगी गावच्या भाषेत बोलणं बरं दिसणार नाही, म्हणून लग्नानंतर त्यांनी पुस्तकातलं मराठी वापरायला घेतलं होतं. पंधरा दिवसांत ते संपलं. तळाशी हे दोन शब्द तेवढे उरले.

हंबीरराव कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात पॅनमन होते. उकळत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडात धरायचा आणि दाणा तयार झाला की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. तिथे त्यांनी एकदा 'व्हय' म्हटलं की टनावारी साखर खाली उतरायची. पण आता जून होता. हंगाम संपून पॅन थंड पडले होते आणि हंबीरराव साडेपाचलाच घरी येऊन पेपर उघडत होते. नेमक्या याच दिवसांत कालिंदी बारावी सायन्सला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळवून बसली होती.

"कालिंदीनं धारवाडलाच बी.एस्सी. करायचं," नंदिनी म्हणाली. "माझ्याच कॉलेजात. अण्णाच्या घरी राहील."

"डी.एड. करू दे की. दोन वर्सांत मास्तरीण हुतीया. सकाळी शाळा, दुपारी घरात."

"अठ्ठ्याहत्तर टक्के काय दुपारी घरात बसायला मिळवलेत?"

"आमच्यात धावी झाली तरी पेढं वाटत्यात."

यात अतिशयोक्ती नव्हती. नंदिनीच्या माहेरी पदवी नसलेल्या माणसाचं नाव हळू आवाजात घेत. हंबीररावांच्या घरी पदवी असलेल्याचं घेत, कारण त्याला काय झालंय ते कुणाला नीट माहीत नसे.

दोन्हीकडच्या फॉर्मची शेवटची तारीख एकच होती, शनिवार. तीन आठवडे नंदिनी रोज एकदा विचारत होती, "मग धारवाडला पाठवायचं ना?" आणि अंगठा रोज अर्धा इंच वर सरकत होता. "हो गं."

शेवटी तिने एक गोष्ट केली. विज्ञान शिकलेल्या बाईने ती करायला नको होती. तिने धारवाडला भावाला पत्र लिहिलं: 'यांनी हो म्हटलं आहे.'

तिचा भाऊ नृसिंह, तिचा अण्णा, टपाल खात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. खात्याने त्याला दोन सवयी लावल्या होत्या. शब्द मोजून वापरायचे आणि आलेला प्रत्येक शब्द गंभीरपणे घ्यायचा. पत्र मिळताच त्याने सोमवारी संध्याकाळी ट्रंक कॉल लावला. नंदिनीच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या फक्रुद्दीनचा लेथचा कारखाना होता म्हणून त्याच्याकडे होता.

"वहिनी! धारवाड!" फक्रुद्दीन भिंतीवरून ओरडला. "पळा, तीन मिन्टंच हायत!"

दोघं धावत गेले. हंबीररावांनी पेपर बगलेत धरला होता. रिसीव्हर त्यांनीच उचलला, कारण पाहुण्याशी आधी घरधन्याने बोलायचं असतं.

"रामराम पावणं! काय म्हंतासा?" त्यांनी धारवाडपर्यंत तारेशिवायच पोचेल एवढ्या आवाजात विचारलं. पलीकडून काहीतरी कुरकुरलं. त्याच क्षणी नंदिनीने त्यांचा दंड धरला.

"विचारा, सीट शनिवारपर्यंत धरून ठेवतील का?"

"हो गं!" हंबीरराव रिसीव्हर न हलवता तिच्याकडे वळून ओरडले. "हो गं!"

रिसीव्हर एकदम गप्प झाला.

"कट झाला वाटतं," ते म्हणाले.

"काय म्हणाला अण्णा?"

"काय न्हाय. खुशाल हाय."

बुधवारी दुपारी तार आली. नंदिनी मंडईत गेली होती, हंबीरराव कामावर होते आणि कालिंदी मैत्रिणीकडे म्हणून बाहेर पडली होती. तारवाल्याने ती शेजारी फक्रुद्दीनच्या आईच्या हातात दिली. बिबीजानला वाचता येत नव्हतं, पण तार म्हणजे काय ते ठाऊक होतं. तिने ती तांदळाच्या डब्याखाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि ओट्यावर बसून रडायला सुरुवात केली.

गडमुडशिंगीचा गुंडू गवळी रिकामे कॅन घेऊन तिथूनच चालला होता.

"काय झालं ओ बिबीजान?"

"धारवाडची तार आली रं बाबा! आमच्या नंदिनीवर काय येळ आली!"

गुंडूने मनातल्या मनात धारवाडकडची सगळी माणसं पाहिली. त्यांत वयाने योग्य अशी नंदिनीची आईच होती. त्याने सायकल वळवली आणि तासाभरात गडमुडशिंगीला सांगितलं की हंबीररावाची सासू गेली.

नंदिनी मंडईतून परतली तेव्हा दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि आत अकरा माणसं होती. थोरल्या जावेने तिला पिशवीसकट मिठी मारली. दोन वांगी निसटून पायरीवरून खाली गेली.

"सोन्यासारखी म्हातारी गं!"

"कोण म्हातारी?"

"हिला अजून ठावंच न्हाय!" जाऊ मोठ्याने रडली, आणि मग सगळ्याच जणी रडल्या.

नंदिनीने पिशवी खाली ठेवली. आई एकोणऐंशी वर्षांची होती. तिला एकदम आईचा तिखट बोलणारा आवाज आठवला. एवढ्यात बिबीजानने तांदूळ झटकत तार आणून दिली. मथळ्यावरचे शिक्के वगळले तर इंग्रजीत चार शब्द होते: इन्सल्ट रिसीव्ड. अरायव्हिंग थर्सडे. खाली नृसिंह.

नंदिनी भिंतीला टेकली आणि हसत सुटली.

"बघा, डोक्यावर परिणाम झाला," जाऊ म्हणाली. "कांदा हुंगवा."

कुणीच गेलेलं नाही हे पटवून द्यायला पाऊण तास लागला. सर्वांत जास्त वेळ लागला तो हंबीररावांच्या थोरल्या भावाला, गणपतरावांना.

"कुणीच न्हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही, भावजी."

"मग आता डिझेल जाळून आलोय त्येचं काय?" ते खाटेवर नीट मांडी घालून बसले. मरणाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून बिबीजानने मोठं पातेलंभर आमटी-भात पाठवला होता. तो खाऊन झाल्यावर त्यांनी कोपरीच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "आलोच हाय तर ह्ये घ्या. डी.एड.चा फॉर्म. हंब्या देवळाम्होरं हां म्हणलाय मला."

नंदिनीने हंबीररावांकडे पाहिलं. ते नुकतेच कामावरून येऊन पेपर शोधत होते.

"आणि त्यो धारवाडचा पावणा कशाला येतोय?" गणपतरावांनी डोळे बारीक केले. "तिकडं मामाच भाचीला करून घेतो म्हणं. आमच्या पोरीवर डोळा हाय का त्येचा?"

"अण्णा अठ्ठावन्न वर्षांचा आहे, भावजी. त्याला बायको आहे, ब्लडप्रेशर आहे."

"तरीबी बघूनच जातो म्या."

ट्रॉली परत गेली, गणपतराव राहिले.

गुरुवारी सकाळी पाहुणा यायचा म्हणून कालिंदी खोबऱ्याच्या वड्या करत होती. रजा टाकून घरी असलेले हंबीरराव आंघोळीला निघाले होते, ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"अजून मिनिटभर ठेव पाक."

कालिंदीने कॉलेजातली एक काचपट्टी काढली, तिच्यावर पाकाचा थेंब घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "न्हाई आबा. आत्ताच," ती म्हणाली आणि कढई उतरवली.

हंबीररावांनी ती पट्टी घेतली. एकदा उजेडात धरली, डोळा बारीक करून दुसऱ्यांदा धरली. मग ती परत देऊन आंघोळीला गेले. नंदिनी तिकडे विळीवर कोथिंबीर चिरत होती. तिने हे पाहिलं, पण त्याची नोंद केली नाही.

नृसिंह अकराच्या सुमारास एस.टी.ने आला. पांढरं धोतर, काळा कोट, काखेत छत्री आणि हातात फॉर्मचं पाकीट. तो दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"अण्णा, आत ये ना!"

"नाही," नृसिंह म्हणाला. "ज्या घराने मला जा म्हटलं, त्या घरात मी पाणी पिणार नाही. जे बोलायचं ते रस्त्यावर बोलू."

"कोण जा म्हणालं पावणं तुमास्नी?" हंबीरराव धावत बाहेर आले.

"तुम्ही. सोमवारी. सहा वाजून बारा मिनिटांनी. दोनदा."

"आईशप्पत न्हाय!"

"मी पैसे भरून ऐकलंय!" नृसिंहाचा आवाज चढला. "मी विचारलं, गुरुवारी येऊ का फॉर्म घेऊन? त्यावर तुम्ही ओरडून जा म्हणालात. तेही एकेरीत! घरच्या गड्यालासुद्धा मी तसं म्हणत नाही."

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. तेव्हा फक्रुद्दीन मध्ये पडला. "पावणं, आमच्या ओट्यावर या. हितं तुमाला कुणी जा म्हणल्यालं न्हाय. फोन आमचा, तवा भांडान बी आमच्याच ओट्यावर होऊ दे."

हे सगळ्यांना न्याय्य वाटलं. खाट टाकली गेली. एका टोकाला नृसिंह, दुसऱ्या टोकाला गणपतराव, मध्ये एकाची छत्री आणि दुसऱ्याचा पटका. हंबीरराव खाली सतरंजीवर.

"एक इचारू का पावणं?" गणपतराव म्हणाले. "तुमच्यात मामा भाचीला—"

"माझी बायको मला ठेवून घेते, हेच उपकार आहेत," नृसिंह म्हणाला. गणपतरावांचं समाधान झालेलं दिसलं. त्यांनी तंबाखूची चंची पुढे केली.

नंदिनी इतका वेळ दाराला टेकून विचार करत होती. फोनवर हंबीरराव नेमकं काय बोलले होते? रामराम पावणं. काय म्हंतासा. आणि मग तिने दंड धरला होता... तिने कपाळावर हात मारला.

"फक्रुद्दीनभाई, आजचा पेपर आहे का?"

"हाय की."

"यांना द्या. अहो, वाचा."

"आता? पेपर?" हंबीरराव म्हणाले. "हितं माझी अब्रू—"

"वाचा म्हटलं ना."

त्यांनी पेपर घेतला. सुरुवातीला ते पेपराच्या वरून सगळ्यांकडे संशयाने पाहत होते. मग ऊसदराची बातमी दिसली. दोन मिनिटांत खांदे सैल पडले, ओठ हलू लागले. नंदिनीने आणखी एक मिनिट जाऊ दिलं.

"अहो, चहात मीठ घालू का?"

अंगठा अर्धा इंच सरकला. "हो गं."

नृसिंह ताडकन उठला. "इदे! इदे! हेच! हेच म्हणाले! होग!"

"अण्णा, थांब. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढत नाहीत." नंदिनी पुन्हा वळली. "अहो, बिबीजानच्या शेळीला कॉलेजात घालू या का?"

"हो गं."

"मी उद्यापासून कायमची माहेरी जाऊ?"

"हो गं."

"या अल्ला," बिबीजान म्हणाली.

"कानडीत 'होग' म्हणजे 'जा'," नंदिनीने सगळ्यांना सांगितलं. "चालता हो, तसं. हे मला म्हणत होते 'हो गं', आणि रिसीव्हर होता तोंडाशी."

फक्रुद्दीन खांबाला धरून हसायला लागला. हंबीररावांनी पेपर खाली केला. "म्हंजे म्या पावण्यास्नी ट्रंक कॉलवर 'चल नीघ' म्हणलो व्हय?"

"दोनदा," नृसिंह म्हणाला, पण आता त्याच्याही मिशा थरथरत होत्या. तो उठला, उंबरा ओलांडून नंदिनीच्या घरात गेला, घटाघटा तांब्याभर पाणी प्याला आणि परत येऊन बसला. प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण त्याने टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली होती.

"नंदिनी," तो हळूच म्हणाला, "मला पत्रात लिहिलंस, 'यांनी हो म्हटलं आहे.' ते कोणतं हो?"

अठरा वर्षं जपलेलं निरीक्षण नंदिनीने एका अंतर्देशीय पत्रात खोटं करून पाठवलं होतं, आणि ते आता सर्वांसमोर उघडं पडलं होतं.

"बगा!" गणपतराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "बाईनं फशिवलं. आमचं तसं न्हाय. हंब्या, देवळाम्होरं मला तू 'हां दादा' म्हणलास का न्हाय?"

"म्हणलो."

"मग?"

"त्ये... तुमचं बोलणं संपलं का, असं म्हणलो."

गणपतरावांचा हात मांडीवरच राहिला. ओट्यावर दोन फॉर्म होते, दोन्ही भरलेले, आणि दोन्हींना आधार म्हणून एकाच माणसाचं लक्ष न देता केलेलं हुंकारणं. परवाच्या दिवशी शनिवार होता.

"तिसरा बी घ्या." कालिंदी वड्यांचं ताट घेऊन आली होती. तिने ताट खाटेवर ठेवलं आणि त्याखालून एक फॉर्म काढला. "काल आणलाय. म्या मैत्रिणीकडं गेलो नव्हतो. कॉलेजात गेलतो."

कोल्हापूरच्या पोरींसारखी तीही स्वतःबद्दल जातो, येतो असंच बोलायची. फक्रुद्दीनच्या फोनवर तिचं बोलणं ऐकून नृसिंहाला आधी वर्षभर वाटत होतं की बहिणीला एक मुलगाही आहे.

"कसला फॉर्म?" नंदिनीने विचारलं.

"हितलाच. बी.एस्सी. केमिस्ट्री. त्येच्यानंतर पुण्याला साखरेचा कोर्स. आणि मग कारखान्यात. पॅनवर."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तीनदा सांगितलंय, अव्वा. तू तिन्ही टायमाला 'नोडोण' म्हणालीस."

"नोडोण म्हणजे बघू. बघूच म्हटलं ना मी."

"न्हाई. तू खरंच ऐकतीस तवा तुझी विळी थांबती. 'नोडोण' म्हणतीस तवा थांबत न्हाई. धा वर्सं बघतोय मी." कालिंदी सावकाश, जराही न रागावता बोलत होती. "एकदा बी चुकलेलं न्हाई."

पोरगी निरीक्षण करते हे नंदिनीला ठाऊक होतं. आपलंही करते, हे नव्हतं.

"पॅनवर बाईमाणूस?" गणपतरावांनी तोवर स्वतःला सावरलं होतं. "कुटं बघितलंय काय?"

"थोरले आबा, दाणा बाईनं बघितला का बाप्यानं, ह्ये साखरंला कळतंय व्हय?"

"तसं न्हाय गं पोरी, पर—"

"वडी खा की."

गणपतरावांनी वडी खाल्ली. ती बरोबर तुटली, दाताला चिकटली नाही, भुगाही झाला नाही. त्यांनी दुसरी घेतली आणि त्या विषयावर पुढे बोलायचं राहून गेलं. नृसिंहानेही एक खाल्ली, आपलं पाकीट उघडलं, धारवाडचा फॉर्म पाहिला आणि पाकीट पुन्हा बंद केलं.

आता सगळे हंबीररावांकडे बघत होते. नुसते त्यांच्याकडे नव्हे, तर त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे. अठरा वर्षं एकट्या नंदिनीला माहीत असलेली गोष्ट दहा मिनिटांत साऱ्या गल्लीची झाली होती. खिडकीतल्या बायकासुद्धा अंगठाच बघत होत्या.

हंबीररावांनी घसा साफ केला. "रात्रपाळी असती, कालिंदे."

"ठाऊक हाय."

"पाक अंगावर उडतोय." त्यांनी मनगटावरचा जुना पांढरा डाग दाखवला.

"त्याला मलम मीच लावत हुतो, आबा."

"लोक हसतील."

"आज कमी हसलं काय?" फक्रुद्दीन म्हणाला.

नंदिनी चहाच्या कपबश्या विसळत होती. तिने हातातली बशी खाली ठेवली, ओल्या हातांनी पदर धरला आणि दोन्ही हात अगदी स्थिर ठेवले. कालिंदीने ते पाहिलं.

"अहो," नंदिनी म्हणाली, "मी विचारते. धारवाड नाही, डी.एड. नाही. पोरीनं साखरेचं शिकायचं?"

हंबीररावांनी पेपराची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली आणि ती गणपतरावांच्या मांडीखाली सरकवली. हातात काहीच उरलं नाही. अंगठा सरकवायला कडच नव्हती.

"व्हय," ते म्हणाले.